कादंबरीचा प्रश्न कवितेला विचारू नका: निरनिराळ्या प्रकारची पुस्तकं वाचताना आणि त्यांवर लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर पानभर लिहायचं असं ठरवलं. यादीत कादंबरी, कविता, नाटक, आत्मचरित्र, इतिहास, विज्ञान, संतसाहित्य असं सगळं आहे. पण तीन-चार पुस्तकं झाल्यावर सगळी टिपणं एकाच छापाची दिसायला लागली. अर्धं पान कथासार, दोन ओळी भाषेबद्दल आणि शेवटी ‘प्रत्येकाने आवर्जून वाचावं असं पुस्तक’. कुठे चुकतंय?

चूक लिहिण्यात नाही, त्याआधीच्या वाचण्यात आहे. आपल्यापैकी बहुतेकांची वाचनाची सवय कथा-कादंबऱ्यांवर घडलेली असते. त्यामुळे हातात काहीही आलं तरी मन एकच विचारत राहतं, पुढे काय झालं? कवितासंग्रहात पुढे काही होत नाही. पानिपतावरच्या ग्रंथात काय झालं ते आधीच ठाऊक असतं. नाटकात जे होतं त्यातलं निम्मं कागदावर नसतंच. एकच प्रश्न सगळीकडे विचारला की हाती फक्त सार उरतं, आणि मग टिपणात तेच उतरतं. पुस्तकाचा प्रकार बदलला की प्रश्न बदलायचा, आणि वाचताना काय टिपायचं तेही बदलायचं. बाकी सगळी कारागिरी त्यानंतरची.

आधी सगळ्या प्रकारांना लागू पडणारी दोन-तीन कामं. पुस्तक उघडल्यावर श्रेयपान वाचा. प्रथमावृत्ती कधीची, हातातली प्रत पुनर्मुद्रण आहे की सुधारित आवृत्ती, संक्षिप्त आहे का, संपादित असेल तर संपादक कोण, हे वहीत वर लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळल्यामुळे लोक चक्क वेगळंच पुस्तक वाचून वेगळ्यावर बोलत असतात. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. 1857 च्या धामधुमीत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाची हकीकत 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापली, ती बरीच संपादित करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणली. दोन्हींची भाषा आणि मोकळेपणा सारखा नाही. ‘गोडसे भटजींची शैली’ यावर लिहायचं असेल, तर आपण कोणती प्रत वाचली ते आधी सांगायला हवं.

दुसरं काम प्रस्तावनेचं. मराठी पुस्तकांना लांबलचक प्रस्तावना लिहिण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे, आणि कादंबरीची प्रस्तावना बहुधा शेवट फोडून टाकते. कथा, कादंबरी, नाटक, कविता यांची प्रस्तावना शेवटी वाचावी. इतिहास, चरित्र आणि संतसाहित्याची मात्र आधी, कारण तिथे संपादक कोणत्या पोथ्या वापरल्या, कोणता पाठ घेतला, काय गाळलं हे सांगतो. मलपृष्ठावरचा मजकूर कधीच आधी वाचू नये. त्यातली विशेषणं नकळत तुमच्या टिपणात उतरतात.

तिसरं म्हणजे टिपायची पद्धत. पुस्तक स्वतःचं असेल तर पेन्सिल, ग्रंथालयाचं असेल तर कागदाच्या चिठ्ठ्या. अडीचशे पानांच्या पुस्तकाला सहा ते आठ नोंदी पुरतात. चाळीस खुणा करणाऱ्याला नंतर एकही उपयोगी पडत नाही, कारण निवड झालेलीच नसते. प्रत्येक नोंदीत पान क्रमांक आणि ‘इथे थांबलो कारण...’ असं एक वाक्य हवं. नुसतं ‘छान!’ लिहून ठेवलंत तर महिन्याभराने काय छान होतं ते तुम्हालाही आठवणार नाही.

आता एकेक प्रकार. कादंबरीत कथानक आपोआप लक्षात राहतं, ते टिपायची गरज नाही. टिपायचं ते हे की सांगतंय कोण, आणि त्या सांगणाऱ्याला काय दिसू शकत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मध्ये (1955) धनगरांची वाडी आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी. मास्तर शाळेत आणि चावडीवर असतो, माणसं त्याच्याकडे कामं घेऊन येतात. त्यामुळे वाडीतल्या पुरुषांचं बोलणं भरपूर ऐकू येतं, घराच्या आतलं कमी. एवढी एक गोष्ट धरून पुस्तक पुन्हा चाळलंत तरी तिच्यावर पानभर लिहिता येतं, आणि कथासाराला पन्नास शब्दांहून जास्त जागा द्यावी लागत नाही. दुसरी खूण काळाची. कुठे दहा वर्षं एका परिच्छेदात उडवली आहेत आणि कुठे एका संध्याकाळीला वीस पानं दिली आहेत? लेखकाचं लक्ष कशावर आहे ते या हिशेबातून कळतं. कादंबरी संपली की पहिलं प्रकरण लगेच पुन्हा वाचा. अर्धा तास लागतो, आणि पहिल्या वेळी निसटलेलं बहुतेक सगळं तिथेच सापडतं.

कथेचं तंत्र याहून वेगळं. कथासंग्रह सलग वाचू नये. एका बैठकीत दोन, फार तर तीन कथा. सहावी कथा वाचताना तिसरी पुसली जाते आणि मग ‘सर्वच कथा वाचनीय आहेत’ असं निरर्थक वाक्य लिहावं लागतं. टिपण सगळ्या संग्रहावर लिहायचं असेल तरी दोनच कथा निवडून त्यांवर नीट लिहावं, बाकीच्यांचा उल्लेखही नसला तरी चालतो.

आत्मचरित्र आणि आत्मकथन वाचताना दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात, घटना घडल्याची आणि लिहिल्याची. कवी नारायण वामन टिळकांचं ख्रिस्ती धर्मांतर 1895 चं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला 1934 मध्ये. म्हणजे ज्या काळात घर मोडलं, त्याकडे लेखिका जवळपास चाळीस वर्षांच्या अंतरावरून बघते आहे. त्या पुस्तकातला विनोद त्या अंतरातून आला आहे का, की ती स्वभावानेच तशी होती? असा प्रश्न पुस्तकाला धरून विचारता येतो आणि पानांचा आधार देऊन त्याचं उत्तरही शोधता येतं. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) तर हे अंतर उघडच मांडलं आहे. शहरात शिकून नोकरी करणारा दया पवार आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार एकमेकांसमोर येतात, एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. ही रचना लक्षात न घेता ‘हृदय हेलावून टाकणारं अनुभवकथन’ एवढंच लिहिलं, तर लेखकाने केलेलं कामच नजरेआड होतं. दलित आत्मकथनांवरच्या प्रतिक्रियांमध्ये ही चूक सर्रास होते. वाचक स्वतःच्या हळहळीबद्दल लिहितो, पुस्तकाबद्दल लिहीतच नाही.

आत्मचरित्रात न लिहिलेल्या गोष्टीही टिपाव्यात. भावंडं पहिल्या शंभर पानांनंतर नाहीशी झाली का? पैशाचा उल्लेख कुठे थांबतो? पण इथे सावध राहा. गाळलेल्या जागेची नोंद करावी, तिथे काय होतं याचा अंदाज बांधून लेखकाच्या गळ्यात घालू नये.

कवितेला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त अडखळतात. एका बैठकीत चार-पाच कविता पुरेत. प्रत्येक कविता एकदा मनात, दोनदा मोठ्याने. अर्थ काय, हा प्रश्न तिसऱ्या वाचनानंतर. त्याआधी फक्त कान. छंदोबद्ध रचना असेल तर बोटांवर अक्षरं मोजायला लाज वाटू देऊ नका. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार असं सांगतात. ‘सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां’ हे तुकोबांचं कडवं मोजा, माप तंतोतंत बसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळतं. आता पुढचं कडवं घ्या. ‘तुळसीहार गळां’ मध्ये सात अक्षरं आहेत, ‘आवडे निरंतर’ मध्येही सात. हा दोष नव्हे. अभंग गायचा असतो, गाताना एखादं जादा अक्षर सहज जिरतं. मोजल्याशिवाय हा सैलपणा दिसत नाही, आणि तो दिसला की छापील अभंग आणि म्हटलेला अभंग यांतलं अंतर कळायला लागतं.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे ओळीतल्या लघु-गुरु अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तात, असला सैलपणा चालत नाही. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. दर ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ हे हाताने ताल धरून म्हणा. ‘सज्जना’तला ‘स’ जोडाक्षराआधी आल्यामुळे गुरू झाला आहे, ‘भक्ति’तला ‘भ’ही तसाच. चार-दोन श्लोक असे सोडवले की कवितेच्या लयीबद्दल ‘लयबद्ध’ याखेरीज काहीतरी लिहिता येतं.

मुक्तछंदाला वेगळी कसोटी लावावी. कविता गद्यासारखी सलग लिहून काढा आणि मूळ कवितेशेजारी ठेवा. ओळी मोडल्या होत्या तिथे काय हरवलं? काहीच हरवलं नसेल, तर ओळी उगाच मोडल्या होत्या असं म्हणायचा तुम्हाला पुराव्यासकट अधिकार आहे. गझलेच्या बाबतीत चूक वेगळी होते. लोक संपूर्ण गझलेचा एकच ‘आशय’ सांगायला बसतात. गझलेतला प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो, बांधलेला असतो तो काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच येणारा शब्द) यांनी. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत ते येतात, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. म्हणून टिपणात एक शेर घ्या, आणि पहिल्या ओळीने निर्माण केलेली अपेक्षा दुसरी ओळ कशी फिरवते तेवढं दाखवा. कवितेवरचं टिपण त्याच दिवशी लिहावं. कादंबरी मनात दोन-तीन दिवस मुरू द्यावी लागते, कवितेचा नाद मात्र दुसऱ्या दिवशी राहत नाही.

नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना ओलांडून जाणं हा सगळ्यात मोठा घोटाळा. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (पहिला प्रयोग डिसेंबर 1972) ओळीने उभ्या राहणाऱ्या माणसांची भिंत होते, तीच पडदा, तीच गर्दी, तीच पुणं. कागदावर ती थोडक्या शब्दांत आहे. संवाद भराभर वाचणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि मग नाटकावरचं सगळं बोलणं नाना फडणवीस खरे कसे होते या वादाकडे जातं. उपाय सोपा आहे. कुठलाही एक प्रवेश निवडा, घरातल्या दुसऱ्या कुणाला सोबत घेऊन मोठ्याने वाचा, आणि कागदावर चौकोन काढून कोण कुठे उभं आहे ते मांडा. कुठे शांतता आहे तेही टिपा. प्रयोगाची चित्रफीत पाहायची असेल तर संहिता वाचल्यानंतर पाहा, नाहीतर डोक्यात नटाचाच आवाज बसतो.

इतिहासाच्या पुस्तकाला विचारायचा पहिला प्रश्न: हे लेखकाला कसं कळलं? प्रत्येक प्रकरणातलं एक ठळक विधान घ्या आणि त्याची तळटीप शोधा. तिथे समकालीन पत्र आहे, नंतरची बखर आहे, की आधीच्या एखाद्या इतिहासकाराचं मत? बखरींचं वजनही सारखं नसतं. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, शिवकालाला जवळची. मल्हार रामराव चिटणिसाची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे मध्ये शतकाहून अधिक काळ गेलेला. एखादा प्रसंग फक्त दुसरीत सापडत असेल, तर टिपणात तसं म्हणावं.

तारखांचं गणित स्वतः करता यायला हवं. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, हे शाळेत शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. शक वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना 79 मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेक ज्येष्ठातला, शके 1596, म्हणून 78 मिळवून 1674 बरोबर येतं. शिवजन्म मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. इथे 78 मिळवले तर 1629 येतं आणि एक वर्ष चुकतं, 79 मिळवून 1630 येतं. याच तारखेला काही पुस्तकांत 19 फेब्रुवारी आणि काहींत 1 मार्च दिसेल. पहिली ज्युलियन दिनदर्शिकेची, दुसरी ग्रेगोरियन, दिवस एकच. पेशवाईतल्या पत्रांवर सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली एक वर्षगणना, असतो, तोही बहुधा अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये, सुरू होतं. डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. पानिपतचा जानेवारी त्यामुळे 1761 वर येतो. हे एकदा हाताने करून पाहिलं की दोन पुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत म्हणून लगेच लेखकाला दोष देण्याची घाई होत नाही.

ऐतिहासिक कादंबरी हा इतिहास नव्हे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरीही तिच्यातले संवाद ऐतिहासिक उद्गार म्हणून फिरत असतात. तिच्यावर लिहिताना ती कादंबरी म्हणूनच तपासा. निवेदक कोण, कोणाचं मन उघडलं आहे, कोणाचं बंद ठेवलं आहे. पुराव्यांची शहानिशा करायची असेल तर ते वेगळं टिपण.

संतसाहित्याची अडचण बहुतेकदा नियोजनाची असते. ज्ञानेश्वरी ‘रोज एक अध्याय’ अशी वाचायला घेतात आणि मध्येच दम तुटतो, कारण अध्याय सारखे नाहीत. पहिला पावणेतीनशे ओव्यांचा, अठरावा अठराशेच्या वर. एकूण ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज पंचवीस धरल्या तर साधारण वर्षभरात पूर्ण होते. दासबोध याबाबतीत सोयीचा, वीस दशकं आणि प्रत्येकात दहा समास, रोज एक समास धरला तर दोनशे दिवस. ज्ञानेश्वरीसाठी शब्दार्थ त्याच पानावर असलेली प्रत घ्या, शेवटी शब्दकोश असलेली नको, कारण पानं उलटण्यातच ओवी सुटते. टिपायचं काय? दृष्टान्त. गीतेचा श्लोक कोणता, त्यावर ज्ञानेश्वरांनी कोणत्या रोजच्या व्यवहारातून उपमा घेतली, एकाच मुद्द्यावर किती उपमा रचल्या. वर्षाअखेर तेराव्या शतकातल्या शेती, स्वयंपाक, पाणी, जनावरं यांची एक यादीच तुमच्या वहीत तयार झालेली असेल. भक्तिभावाने वाचणाऱ्यालाही ही नोंद अडचणीची नाही.

विज्ञानावरच्या पुस्तकात छपाईचं साल पुन्हा महत्त्वाचं. नऊ ग्रह सांगणारं पुस्तक चुकीचं नाही, ते 2006 च्या आधीचं आहे इतकंच. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून मुख्य संकल्पना पाच ओळींत लिहा. लिहिता आली नाही तर दोष तुमचाच असेल असं नाही, कदाचित लेखकानेच मधली पायरी गाळली असेल. ती कोणती ते शोधा, परीक्षणात तोच सगळ्यात उपयोगी मुद्दा ठरतो. विज्ञानकथेला मात्र एवढंच विचारा: कोणती एक गोष्ट खरी मानायला सांगितली आहे, आणि बाकी सगळं त्यातून तर्काने निघतं का? जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिलं पारितोषिक मिळालं. नावावर डोळे ठेवून मत बनवण्याची सवय मोडायची असेल तर हे ध्यानात ठेवावं.

रहस्यकथेवर लिहिताना पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं काही सांगू नये. दुसऱ्यांदा वाचून धागेदोरे वाचकासमोर उघडे ठेवले होते की शेवटी खिशातून काढले, तेवढं पाहावं. अनुवादाच्या बाबतीत श्रेयपानावर मूळ भाषा पाहा. उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या थेट कन्नडमधून मराठीत आणल्या, पण रशियन किंवा जपानी पुस्तकांचे मराठी अनुवाद बरेचदा इंग्रजीवरून होतात. तसं असेल तर मूळ लेखकाच्या वाक्यरचनेचं कौतुक जरा आवरतं घ्यावं.

प्रत्यक्ष लिहिताना तीन-साडेतीनशे शब्द पुरेत. सुरुवात कथासाराने न करता एखाद्या नोंदीने करा, पान क्रमांकासकट. सार साठ-सत्तर शब्दांत आटपा आणि तेही मध्ये कुठेतरी टाका. मूळ मजकुराच्या दोन-तीन ओळी द्या, जास्त नको, आणि दिल्यावर त्या का दिल्या ते पुढच्याच वाक्यात सांगा. एक तक्रार असावी, तीही पानाच्या आधाराने. ‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘संग्राह्य’ हे शब्द कच्च्या खर्ड्यात आले तर त्यांखाली रेघ मारा. प्रत्येकाच्या जागी पुस्तकातला एक तपशील बसवून पाहा. तपशील सापडला नाही तर वाक्यच काढून टाका. पाचपैकी किती तारे, हा हिशेब एकाच प्रकारातल्या पुस्तकांपुरता ठेवा. कवितासंग्रहाचे चार आणि कायद्याच्या इतिहासाचे चार यांची तुलना होत नाही.

एवढं सगळं एकदम करणं जड वाटत असेल तर सरावाला एक दिवाळी अंक घ्या. 1909 मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेचा वाचकाला मोठा फायदा असा की एकाच अंकात कथा, कविता, व्यक्तिचित्र, प्रवासलेख, एखादा संशोधनपर लेख आणि व्यंग्यचित्रंही मिळतात. जुना अंक रद्दीच्या दुकानात किंवा ग्रंथालयात सहज सापडतो. सहा मजकूर निवडा, प्रत्येकाचा प्रकार वहीत लिहा, त्याखाली त्याला विचारायचा प्रश्न लिहा, मग वाचा आणि पाचच ओळी लिहा. दोन आठवड्यांत होतं. मग सहाही टिपणांतली नावं झाकून ती कुणाला तरी वाचायला द्या, आणि कोणतं कवितेवरचं, कोणतं लेखावरचं हे ओळखता येतं का ते विचारा. ओळखता आलं नाही, तर त्या टिपणाचा प्रश्न बदलून तोच मजकूर पुन्हा वाचा, नव्या अंकाकडे जाऊ नका.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद ठेवा: कितव्या पानावर सोडलं आणि का. तीन पुस्तकं एकाच कारणाने सुटली असतील, तर वर्षाच्या यादीत त्या प्रकारातलं चौथं पुस्तक घेताना लहान, शंभर-सव्वाशे पानांचं निवडा.